खवट तुपाची नानकटाई

हे प्रकरण मी एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लिहीत आहे. प्रश्न असा, की ज्या माणसाची चव गेली त्याने जेवावे तरी कशाच्या आधारावर, आणि त्याला वाढणाऱ्याने नेमके काय करावे? अलीकडच्या साथीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने फोन करून हेच विचारले. "बाई, भात खातेय की भिजलेला कागद, तेच मला कळत नाही," एवढे बोलून ती रडू लागली. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. उत्तर ठाऊक नसेल तेव्हा 'बघून सांगते' म्हणावे, ही शिस्त मी स्वतःला लावून घेतली होती, म्हणून तिलाही तेच सांगितले. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आले, की हे बघायला कोठे जाण्याची गरज नाही. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत हे सारे मी फार जवळून पाहिलेले आहे. इतकी वर्षे त्याविषयी लिहिण्याचे टाळले, कारण त्या दिवसांची आठवण आली की आजही मला ताटावर बसवत नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, वीज केंद्रात पाळीवर काम करीत. वसाहतीतली घरे एकसारखी होती, आणि सगळ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर सारखीच राख बसे. केंद्रातून वाफ सुटली की मोठा फूत्कार होई आणि बोलणारी माणसे वाक्य अर्धवट ठेवून थांबत. वाफ संपली की त्याच शब्दापासून पुढे बोलू लागत. आई नामपूरची. माहेरून बाजरी आणि कांदे येत. भाषा तिने नाशिकची उचलली होती, पण राग आला किंवा मन भरून आले की ती अहिराणीत जाई. स्वयंपाक ती नाकाने करी. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. ती बाहेर तांदूळ निवडत बसलेली असे आणि आतल्या पातेल्याकडे न बघता मला सांगे, की वरण आता खाली लागेल, उतरव. शेंगदाणे किती भाजले, कणीक किती मुरली, ताकाला आंबूस वास किती चढला, हे सारे निर्णय ती वासावरून घेत असे. मी एकदा तिला फोडणीत हिंग कधी घालायचा असे विचारले, तर म्हणाली, मोहरीचा वास बदलला की. तो कसा बदलतो हे तिला सांगता येईना, आणि मला तो बदल कळेना.

वसाहतीत कोणाकडे काही केले की वाटीभर शेजारी जाई. वाट्यांवर नावे घातलेली असत, म्हणून भांडे चुकत नसे. आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम इतका पक्का होता की घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी वाटीत पडे. आईच्या वाट्या सर्वांत जास्त फिरत. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागायला माणसे निमित्त काढून येत. शेजारच्या सुमनमावशी तर निमित्तही काढीत नसत. त्या मखमलाबादकडच्या मळेवाल्यांच्या घरातल्या, भावाच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर घेऊन येत आणि दारातूनच म्हणत, "वहिनी, भाजी माझी, हात तुमचा, अर्धी माझ्या घरी." बोलणे फटकळ आणि हसणे मोठे. नाना त्यांना जरा बिचकूनच असत.

त्या वर्षी आईला ताप आला. तो बराच लांबला, उतरला, आणि उतरताना तिचा वास घेऊन गेला. पहिल्यांदा तिला स्वतःलाही हे कळले नाही. तोंड कडू आहे, जाईल, असे ती म्हणत राहिली. मग एकदा तिने मला जवळ बोलावून हातातली कोथिंबिरीची जुडी माझ्या नाकाशी धरली आणि विचारले, "हिला वास आहे का?" मी म्हणाले, आहे. तिने जुडीत पुन्हा नाक खुपसले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी तपासले, नाकात थेंब दिले, आणि शेवटी म्हणाले की कधी परत येते, कधी येत नाही, वाट बघा. पुढे शिकवताना मी मुलींना सांगत असे, की जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढेच ढोबळ कळते, बाकी चवीचे सारे काम नाक करते. त्या वेळी हे ज्ञान आमच्या घरात कोणालाच नव्हते. आम्ही फक्त पाहत होतो, की आई घास तोंडात घालते, तो इकडून तिकडे फिरवते, आणि औषधाची गोळी गिळावी तसा पाण्याबरोबर गिळते.

हळूहळू घास कमी झाले. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. नानांनी मग जे मिळेल ते आणायला सुरुवात केली. देवळाली कॅम्पहून आंब्याचे लोणचे, नाशिक रोडच्या बाजारातून पेरू, कोणीतरी सुचवले म्हणून नागलीची बिस्किटे. ड्यूटीवरून येताना त्यांच्या हातात पुडी असेच, आणि ती सोडताना त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलासारखा होई. आई एक तुकडा घेई, चावी, मान हलवी. एकदा ते तिला मिसळ खायला घेऊन गेले. तर्री लावून लाल केलेला रस्सा तिने ओरपला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ती म्हणाली, "झोंबलं." नानांना एवढा आनंद झाला की त्यांनी घरी आल्याआल्या मला ही बातमी सांगितली. त्याचा परिणाम मात्र वाईट झाला. काहीतरी जाणवते आहे एवढ्या आशेवर आई हिरव्या मिरच्या नुसत्या चावू लागली. तोंड आले, ओठ फुटले, तरी ती थांबेना. मी तिच्या हातातून मिरची काढून घेतली तेव्हा ती रागावली नाही. "माले काहीच लागत नही, बेटा," एवढेच म्हणाली. आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली.

तरीही स्वयंपाक तीच करी. सवयीने हात चालत. मीठ मोजून पडे, पण काही ना काही करपे, काही कच्चे राही, आणि आम्ही सगळे निमूट जेवत असू. छान झाले, असे नाना प्रत्येक जेवणाला म्हणत. मी आणि माझा धाकटा भाऊही म्हणू लागलो. तो आमच्या घरातला एक विधीच झाला होता.

दिवाळी जवळ आली तेव्हा आईने जाहीर केले की नानकटाई करायची. घरात भट्टी नसलेल्या सर्वांचीच तेव्हा एक पद्धत होती. आपला मैदा, रवा, पिठीसाखर, तूप आणि वेलची डब्यांत भरून बेकरीत न्यायची. तिथला कारागीर आपल्यासमोर पीठ फेसून, गोळे वळून, काळ्या पत्र्यांवर लावून भट्टीत सोडी, आणि आपल्याच डब्यात भरून परत देई. त्या दिवसांत बेकरीबाहेर डब्यांची रांग लागे. आईने या नानकटाईसाठी कित्येक आठवड्यांची साय साठवून, विरजून, लोणी काढून तूप कढवले होते. ही साय साठवण्याच्या काळात तिला वास येत नव्हता, याचा अर्थ आमच्यापैकी कोणी लावला नाही. मातीच्या मडक्यातली साय कधी हाताबाहेर गेली हे तिला कळणे शक्यच नव्हते, आणि त्या मडक्याला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती.

नानांच्या सायकलवर पुढे डबे आणि मागे मी, असे आम्ही बेकरीत गेलो. कारागिराने तुपाचा डबा उघडला. त्याने बोटावर थोडे तूप घेतले, हुंगले, आणि नानांकडे पाहिले.

"घरचं तूप दिसतंय. वास धरलाय त्यानं. दुसरं आणता का?"

"माहीत आहे," नाना म्हणाले. "तुम्ही करा."

"सगळा माल वाया जाईल, साहेब."

"जाऊ द्या. तुम्ही करा."

त्यांना माहीत नव्हते. डबा उघडेपर्यंत त्यांनाही माझ्याइतकेच ठाऊक होते, म्हणजे काहीच नाही. पण परत जाऊन आईला 'तुझे तूप खराब आहे' असे सांगण्यापेक्षा त्यांना हे सोपे वाटले. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून आज या निर्णयाकडे पाहते तेव्हा तो सर्व बाजूंनी चूक दिसतो. पत्नीच्या शेजारी ताटावर बसणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तर मला दुसरा निर्णय सुचत नाही.

नानकटाई दिसायला अप्रतिम झाली होती. वर भेगा गेलेल्या, कडेने बदामी, मध्ये वेलचीचा दाणा. आईने ती वाट्यांत भरली, वर पातळ कागद घातला आणि आम्हा मुलांकरवी घरोघरी पाठवली. एक मी खाल्ली. पहिल्या चाव्याला गोड लागली आणि मग घशात जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास भरला. नानांनी माझ्याकडे नुसते पाहिले, मी गिळली. वाट्या परत येऊ लागल्या. कोणाची चिवड्याने भरलेली, कोणाची शंकरपाळ्यांनी, आणि प्रत्येकीबरोबर निरोप, की नानकटाई खुसखुशीत झाली हो. ते खोटे नव्हते. खुसखुशीत ती होतीच. आईचा चेहरा उजळला. ती त्या दिवशी आमच्याबरोबर ताटावर बसली आणि वरणभात व्यवस्थित जेवली. आपला हात अजून शाबूत आहे, जीभ गेली तरी हात गेला नाही, असे ती मला समजावून सांगत होती. नाना भिंतीला टेकून ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले.

म्हणूनच तुळशीच्या लग्नाला वसाहतीतल्या सर्वांसाठी पुन्हा नानकटाई करते, असे तिने परस्पर कबूल करून टाकले. उरलेले तूप त्यालाच वापरणार होती. डबे बाहेर काढून मैदा चाळायला बसली असताना सुमनमावशी आल्या. मी अभ्यासाला बसले होते. मावशी उंबऱ्यावर टेकल्या, तुपाच्या डब्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "वहिनी, हे तूप वापरू नका."

आईने विचारले, का बरे.

"खवट झालंय. दिवाळीतली पण खवटच होती. मी मळ्यातल्या गाईला घातली, तर तिनं हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं, 'तू खा आधी' म्हणून."

मावशी हसल्या. आई हसली नाही. तिने माझ्याकडे वळून विचारले, तुला ठाऊक होते? मी वहीत मान घातली. मग तिने नानांना बाहेरून बोलावले आणि तेच विचारले. नाना म्हणाले, "तसं काही फार नव्हतं." आईने चाळणी खाली ठेवली. मैद्याचे हात पदराला न पुसता ती उभी राहिली आणि अहिराणीत म्हणाली, "आते माले खरं कोन सांगी?" आता मला खरे कोण सांगेल. नाना, मावशी आणि मी, तिघेही चाळणीतल्या मैद्याकडे पाहत राहिलो.

त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही, आणि जेवणही जवळजवळ सोडले. स्वयंपाक माझ्याकडे आला. मी शाळेत प्रयोग मांडावा तसे पदार्थ मांडले: एकदा मऊ खिचडी, एकदा आंबट कढी, एकदा गुळाचा शिरा. आई प्रत्येक वेळी विचारी, कसे झाले आहे? मी सांगे, चांगले झाले आहे. ती ताट बाजूला सारी. उपाशी माणसापुढे आलेले ताट परत का जाते, हे मला समजत नव्हते, आणि मी पुढच्या वेळी आणखी गोड किंवा आणखी तिखट करून पाहत होते. नळावर पाणी भरताना ती चक्कर येऊन पडली, तेव्हा शेजारच्या बायकांनी तिला उचलून आणले. उचलणाऱ्या बाईने मला बाजूला घेऊन सांगितले, की अगं, तिला काही वजनच नाही. नाना मोरीजवळ डोके धरून बसले. मोठ्या माणसाला असे बसलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. सुमनमावशी चौकशीला आल्या तर ते त्यांच्यावर उसळले.

"तुम्ही बोलायला नको होतं, सुमनताई. चार घास खात होती ती."

"भाऊ, मी बोलले नसते तर ती जन्मभर खवट नानकटाई वाटत फिरली असती, आणि तुम्ही सगळे वाट्या भरून पाठवत राहिला असता," मावशी म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी तरी काय केलं? दिवाळीत मी पण शंकरपाळीच घातली होती वाटीत."

दुसऱ्या दिवशी त्या मेथीची जुडी, आले आणि भाजणीचे पीठ घेऊन आल्या. आईला अंथरुणावरून उठवून त्यांनी स्वयंपाकघरात आणले, भिंतीला टेकून बसवले आणि म्हणाल्या, थालीपीठ लावा, मी चाखते. आई म्हणाली, कशाला, तुम्ही चांगलेच म्हणाल. मावशी म्हणाल्या, "मी? माझ्या नवऱ्याला विचारा, मी कधी कशाला चांगलं म्हटलंय ते."

आईने लावले. मावशींनी तुकडा मोडला, चावला, आणि तोंड वाकडे केले. "लसूण करपलाय. हळद कच्ची आहे. कडा बऱ्या झाल्यात." मला वाटले, आता आई उठून जाईल. ती उठली नाही. त्या खवट तुपाखेरीज इतक्या महिन्यांत तिच्या पदार्थाला कोणी वाईट म्हटले नव्हते. तिने लसूण किती काळा झाला होता ते विचारले, मावशींनी तव्यावरचा तुकडा उचलून दाखवला, आणि आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. दुसरे लावले. "लसूण बरा. मीठ तुमचं तुम्हाला कळतंय, ते मी सांगत नाही. ओवा जास्त झालाय." तिसरे मावशींनी अर्धे संपवले आणि बोटे चाटली. आईने विचारले, कसे आहे.

"आता खा," मावशी म्हणाल्या. "मेथी पुढं लागते, आलं मागनं येतं. तीळ दाताखाली येतायत. भाजणीला धने जरा जास्त भाजलेत, पण ते माझ्या जावेचं पाप."

आईने कडेचा तुकडा मोडला. तो मोडतानाचा आवाज खोलीत ऐकू आला. ती सावकाश चावत राहिली, मावशींच्या तोंडाकडे पाहत, ऐकलेली एकेक गोष्ट तोंडात शोधत असावी तशी. "लागतंय का?" मी न राहवून विचारले. "नाही," ती म्हणाली. "पण काय खातेय ते कळतंय." आणि तिने दुसरा तुकडा मोडला. नाना दारात उभे होते. ते वळले आणि अंगणात निघून गेले.

यापुढे सारे सुरळीत झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. आईचा वास कधीच परत आला नाही. पुष्कळ दिवस ती अर्धे ताट सोडून उठे, आणि काही वेळा भिंतीकडे तोंड करून बसे. मात्र ती पुन्हा स्वयंपाक करू लागली, आणि नाक जे काम करीत होते ते तिने कानाला आणि डोळ्याला शिकवले. मोहरीचे तडतडणे ओसरू लागले की हिंग; लसणीची कड गव्हाच्या रंगावर आली की खाली; दाण्याची साल बोटाने सुटली की भाजणे थांबवायचे. साय, तूप, दूध यांच्याविषयी मावशींचा शब्द अखेरचा असे. पुढच्या दिवाळीला नानकटाई बेकरीत नेली नाही. जाड बुडाच्या कढईत धुऊन वाळवलेली वाळू घातली, वर झाकण ठेवून ती चांगली तापू दिली, मधे एक छोटी तिवई ठेवून तिच्यावर ताटली मांडली आणि मंद आचेवर घरीच भाजली. पाण्याचा थेंब टाकून तो चर्र वाजला की वाळू तयार, एवढे ध्यानात ठेवले तर कोणालाही जमावे. मावशींनी पहिली खाऊन सांगितले की सोडा जास्त आहे. वाट्या भरून गेल्या त्या दुसऱ्या घाण्याच्या. जेवताना आम्हा सर्वांना एक नियम लागू झाला, की आईने विचारले तर खरे सांगायचे, आणि नुसते 'छान' म्हणायचे नाही. काय, कुठे, किती ते सांगायचे. नानांना हा नियम फार जड गेला. एकदा ते घाबरत घाबरत म्हणाले, की आमटी जरा पाणचट आहे. आईने त्यांच्या ताटात आणखी वाढली, आणि त्यांच्याबरोबर बसून स्वतःही जेवली.

माझ्या विद्यार्थिनीला मी काय सांगितले, ते येथे नोंदवून थांबते. कुरकुरीत, झोंबणारे, आंबट, अगदी गरम किंवा अगदी गार असे पदार्थ घे; त्यांचा काही भाग नाकावाचूनही पोचतो. पण उत्तर तेवढेच असते, तर आमची आई मिसळीवर आणि मिरच्यांवरच सावरली असती. ज्याची चव गेली, त्याला चवीऐवजी विश्वास लागतो. समोरच्या घासाविषयी जो खरे सांगेल, अगदी वाईट असले तरी, अशा एका माणसाशेजारी बसून जेव. वाढणाऱ्याने कोणत्याही मायेपोटी खोटे बोलू नये.

हे माझे एका घरातले निरीक्षण आहे, आणि एका घरावरून नियम काढू नये असे मीच मुलींना शिकवले आहे. म्हणून वाचकांना विनंती, की त्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे. नाक चिमटीत धरून डोळे मिटावेत आणि कोणाला तरी एक घास भरवायला सांगावा. पहिल्या वेळी त्याने 'छान आहे' एवढेच म्हणावे, दुसऱ्या वेळी त्यात काय आहे आणि काय बिघडले आहे ते सांगावे. त्यानंतरचा घास कोणत्या वेळी घ्यावासा वाटला, ते पाहावे. तुम्हाला वेगळे आढळले तर माझे बाजूला ठेवा आणि तुमचे खरे माना.